टँकर : शिडी की साप?

भांडण चौसष्टाव्या घरावरून सुरू झालं. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मुलांनी त्यावर सापशिडीची शंभर घरं आखली होती आणि चौसष्टाव्या घरात एकीनं निळ्या पेनानं टँकर काढला होता. टँकरपाशी शिडी लावायची, असं तिचं म्हणणं. टँकर आला म्हणजे पाणी आलं, आईची पायपीट वाचली. मग सोंगटी वर चढायला नको? शेजारचा मुलगा अडून बसला. टँकर लागला म्हणजेच विहीर आटली, बोअर गेलं, आपण आधीच सापाच्या तोंडात आहोत. शिडी कसली लावता? तिसऱ्यानं तोड काढली. टँकर ज्याच्या दारापर्यंत येतो त्याला शिडी, ज्याची वस्ती रस्त्यापासून लांब त्याला साप. एकाच घरात शिडीही आणि सापही, असं कुठल्या सापशिडीत असतं, म्हणून पुन्हा गलका. मधली सुट्टी संपली, भांडण संपलं नाही.

त्या दिवशी मी भूगोलाचा पाठ घेतला नाही. आपत्तींच्या पाठाखालचे प्रश्न मुलं एरवी घोकून लिहितात, पैकीच्या पैकी गुणही मिळवतात. पण त्यातल्या एखाद्या उत्तरावरून दोन मुलं हमरीतुमरीवर आलेली मी कधी पाहिली नव्हती.

ही पुस्तिका अशा भांडणांसाठी आहे. नैसर्गिक आपत्तींवर मुलांनी स्वतः खेळ कसे रचावेत, निवडीच्या गोष्टी कशा लिहाव्यात, आजी-आजोबांचे आवाज नकाशावर कसे बसवावेत, आणि हे सगळं दुसऱ्या मुलखातल्या, दुसऱ्या भाषेतल्या मुलांपुढे कसं मांडावं, याची ही वही समजा. बरीच पानं मुद्दाम कोरी आहेत. ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द हल्ली शाळेत आलेल्या प्रत्येक पडद्याला चिकटलेला असतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ बोट लावलं की पुढचं चित्र येतं, एवढाच. इथे तो जरा कडक अर्थानं घेतला आहे: खेळणाऱ्याला निवड करावी लागते आणि निवडीचं फळ त्यालाच भोगावं लागतं. तयार खेळ खेळणाऱ्याला नियम नुसता पाळायचा असतो. खेळ बनवणाऱ्याला तो ठरवावा लागतो, आणि ठरवताना ‘असंच का?’ या प्रश्नापासून त्याची सुटका नसते. टँकरच्या घरावर शिडी काढायची की साप, हे पुस्तक सांगत नाही. गावाला विचारावं लागतं.

गाव म्हणजे तिसगाव. नगरहून करंजी घाट ओलांडून कल्याण–विशाखापट्टणम महामार्गानं पाथर्डीकडे निघालं की लागणारं बाजाराचं गाव. एका अंगाला गर्भगिरीचे डोंगर, त्यात मढीचा कानिफनाथ आणि वृद्धेश्वर. हा सगळा टापू पर्जन्यछायेतला. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, तोही सलग पडेल याची शाश्वती नाही. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातले कोयते कारखान्यांकडे निघतात. (बाहेरच्या वाचकासाठी: इथे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचलही त्याच हिशेबानं.) मिरी-तिसगाव पाणीयोजनेचं पाणी, पाथर्डीचा तहसील, टँकरच्या खेपा, दावणीची जनावरं, ही इथल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यातली नावं आहेत. त्यांना दुष्काळ शिकवायला जाणं म्हणजे कोळ्याच्या पोराला समुद्र दाखवण्यासारखं. त्यांना शिकवायचं आहे ते वेगळंच: माहीत असलेली गोष्ट, ती माहीत नसलेल्याला समजेल अशी मांडायची कशी.

आणि इथे पहिली अडचण येते. आपत्तींवरचे जगभर गाजलेले खेळ पाहिले तर त्यांत दुष्काळ सहसा सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-निवारण कार्यालयानं २००७ साली मुलांसाठी ‘स्टॉप डिझास्टर्स’ नावाचा संगणकावरचा खेळ काढला. ठरावीक पैशात आणि ठरावीक वेळात गाव सुरक्षित करून दाखवायचं, मग आपत्ती येते आणि तुमचं काय वाचलं याचा हिशेब पडद्यावर झळकतो. खेळ चांगला आहे. त्यात आपत्ती पाच: त्सुनामी, चक्रीवादळ, वणवा, भूकंप, पूर. सहावी नाही. जगात कोट्यवधी माणसं वर्षानुवर्षं जिच्या सावलीत जगतात तीच यादीत नाही, याचा आधी राग येतो. मग विचार केला की वाटतं, बनवणाऱ्यांना ती जमली नसावी. भूकंपाला क्षण असतो. लाट किनाऱ्याला लागते तेव्हा घड्याळ लावता येतं. दुष्काळ कधी आला? मृग कोरडा गेला तेव्हा? दुबार पेरणी मोडली तेव्हा? बैल बाजारात नेला तेव्हा? की मुलीचं नाव शाळेतून काढून तिला धाकट्याला सांभाळायला ऊसतोडीच्या फडावर नेलं तेव्हा?

सरकारलाही हा क्षण पकडायचा असतोच, आणि त्याची रीत मुलांना फार आवडली, कारण ती थेट खेळातल्या नियमासारखी आहे. पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं, ते काढायचं. ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. गाव ४९ पैशांवर असेल तर सवलती, ५१ वर असेल तर काही नाही. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनं पावसाची तूट, पेरा, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, साठ्यातलं पाणी असे निर्देशक आणले. तरी गावात लोक अजून विचारतात ते ‘पैसेवारी किती लागली?’ असंच. एका मुलानं लगेच पैसेवारीचं कार्ड तयार केलं: ज्याच्या सोंगटीला ५१ आले त्यानं तहसीलला जाऊन यावं आणि तोवर दोन डाव गमवावेत. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

सापशिडीच का निवडली, असं मला काही जणांनी विचारलं. ती सोपी आहे, सगळ्यांना येते, फासा नसला तर चिंचोके चालतात, ही कारणं आहेतच. पण तिच्यावर आमच्या नगर जिल्ह्याचा जुना हक्कही आहे. सापशिडीचं आपल्याकडचं मूळ रूप म्हणजे मोक्षपट, आणि महाराष्ट्रातली परंपरा मोक्षपटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली; नेवासा आपल्याच जिल्ह्यातलं. परंपरेचा दावा इतिहासाच्या तराजूत किती टिकतो हा अभ्यासकांचा प्रश्न. मला त्यातली कल्पना महत्त्वाची वाटते. षड्रिपू साप झाले, गुण शिड्या झाले, आणि खेळता खेळता माणसाला कर्माची गणितं कळावीत अशी योजना झाली. शिकवण्याचं साधन म्हणून खेळ वापरण्याची ही रीत आपल्याला कुणी परदेशातून आणून दिलेली नाही. उलट हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात गेला, तिथे मुलांना शिस्त शिकवू लागला, मग नुसताच करमणुकीचा झाला. या शतकाच्या सुरुवातीला युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या त्याच आपत्ती-निवारण कार्यालयानं आधी लॅटिन अमेरिकेतल्या शाळांसाठी ‘रिस्कलँड’ नावाचा पट काढला. चांगली सवय लागली की पुढे, वाईट लागली की मागे. पुढे तो बऱ्याच भाषांत गेला. म्हणजे नेवाशाचा पट जग फिरून आपत्ती-व्यवस्थापनाच्या पेटीत बसला असं म्हणायला हरकत नाही, जरी त्या पेटीवर तसं कुणी लिहिलेलं नसलं.

पण मोक्षपटाची एक गोष्ट आम्हाला अडली आणि या पुस्तिकेचा सगळा विचार त्या अडचणीतून निघाला. मोक्षपटात पट ठरलेला असतो. कुठे साप, कुठे शिडी, हे बदलत नाही. खेळणाऱ्याच्या हाती फक्त फासा. दुष्काळाची गोष्ट लहानपणापासून आपण अशीच ऐकतो: पाऊस पडला नाही, नशीब. फासा पडला नाही. मग मुलांनी विचारलं, आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला फासा वेगळा पडतो का? नाही. पाऊस तिथेही तुटपुंजाच. त्या गावानं पाणलोटाची कामं केली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, ऊस बंद केला, आणि दर वर्षी पर्जन्यमापकावरची नोंद पाहून पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. फासा तोच राहिला. साप-शिड्यांच्या जागा गावानं बदलल्या. पाऊस हा फासा आणि दुष्काळ हा पट, हा भेद सातवीतल्या मुलाला व्याख्यानानं समजत नाही. पुठ्ठ्यावर साप खोडून शिडी काढायला लागला की पाच मिनिटांत समजतो, आणि मग तो असे प्रश्न विचारतो की मोठ्यांनी विषय बदलावा. उसाचं घर कुठे ठेवायचं, हा त्यातला एक. आमच्या तालुक्यातल्या लोकांचं पोट ऊस तोडण्यावर, आणि पाणी पिणारं पीकही तेच.

दुसऱ्या मुलखांतल्या आपत्तींकडे मुलांना न्यायचं ते याच वाटेनं. ‘जगातील प्रमुख भूकंप’ असा तक्ता पाठ करून नव्हे. तिकडच्या लोकांनी पट कसा मांडला आणि कधी बदलला, ते पाहायचं.

जपानची इनामुराची गोष्ट मी अनेक वर्षं वर्गात सांगत आले. समुद्र मागे हटलेला पाहून टेकडीवरचा म्हातारा स्वतःच्या भाताच्या गंज्या पेटवतो, आग विझवायला गाव वर धावतं, खाली लाट येते, गाव वाचतं. लाफकादिओ हर्न यांनी १८९७ साली ती इंग्रजीत लिहिली आणि १९३७ ते १९४७ अशी दहा वर्षं जपानी मुलांच्या पाठ्यपुस्तकात ती होती. मुलांना ती आवडते. गंजी पेटवणं हे कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराच्या पोटात कालवाकालव करणारं दृश्य आहे. पण खरी हकिकत वेगळी आहे, आणि माझ्या मते गोष्टीपेक्षा चांगली. हिरो गावचे हामागुची गोऱ्यो १८५४ साली म्हातारे नव्हते, पस्तिशीच्या आतले होते; सोया सॉसच्या धंद्यातलं घराणं. भूकंपानंतर लाटा आल्या, रात्र पडली, माणसं अंधारात वाट चुकत होती. तेव्हा त्यांनी पेंढ्याच्या गंज्या पेटवल्या त्या उंच जागेची वाट दिसावी म्हणून. गोष्ट इथे संपते. हकिकत पुढे जाते. गावाची घरं, नावा, धंदा गेलेला. लोक गाव सोडायच्या बेतात. हामागुचींनी पदरचे पैसे घालून किनाऱ्यावर बांध घालायला काढला आणि त्याच गावकऱ्यांना मजुरीवर लावलं. सुमारे पाच मीटर उंच, सहाशे मीटर लांब, चार वर्षांचं काम. समुद्राच्या बाजूला पाइनची झाडं लावली. १९४६ साली पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्या बांधानं गावाचा मोठा भाग राखला.

हे वाचून दाखवल्यावर वर्गात मागून आवाज आला, ‘मॅडम, म्हणजे बहात्तरचं काम की हो!’

मला तो क्षण अजून आठवतो. टोकिओतल्या मुलाला हामागुची शूर वाटतील, लंडनमधल्या मुलाला दानशूर. बांधाचं मर्म मात्र पाथर्डी तालुक्यातल्या मुलाला एका वाक्यात कळलं, कारण त्याच्या घरी १९७२ चे पाझर तलाव अजून ‘बहात्तरचे’ म्हणूनच ओळखले जातात. आपत्तीत माणसाला नुसतं अन्न देऊन चालत नाही, काम द्यावं लागतं, आणि ते काम पुढच्या आपत्तीला अडवणारं असावं लागतं, हा विचार वि. स. पागे यांच्या रोजगार हमीत होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, खडी. पुढे त्यातूनच कायदा आला. आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत मात्र कायदा नाही. सुकडी आहे, लाल मिलोची भाकर आहे, हाताला आलेले फोड आहेत, आणि ‘तेव्हा धान्य नव्हतं, पण प्यायला पाणी होतं’ हे वाक्य आहे, जे २०१३ च्या नि २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावणीत बसून त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं. मुलांनी हेच आवाज फोनवर नोंदवले. खेळात बहात्तरच्या घरावर सोंगटी आली की नियम सांगितला जात नाही, आजीचा आवाज लागतो. मग खेळणाऱ्यानं ठरवायचं: आजची मजुरी घ्यायची की तलावाची माती उचलायला आणखी दोन डाव थांबायचं. जपानी मुलाला हा प्रश्न पाठवला तर तो हिरोच्या बांधापाशी पोचेल. आमच्या मुलाला बांधावरून पाझर तलावापाशी येता आलं, तसंच.

नियम जसेच्या तसे उचलून दुसरीकडे नेले की काय होतं, हे मात्र किल्लारीनं शिकवलं. भूकंप आला की टेबलाखाली बसा, त्याचा पाय धरून ठेवा, ही सूचना आज जगभरच्या मुलांना तोंडपाठ आहे आणि आमच्याही पोस्टरवर आहे. ती जिथे तयार झाली तिथली घरं हलतात, पण सहसा उभी राहतात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं थकून झोपलेली. लातूर-उस्मानाबादची जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. भिंत बाहेर फाकली, माळवद खाली आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे टेबल कुणाकडे होतं, आणि असतं तरी त्याचं काय झालं असतं? अशा घरांबाबत जाणकार वेगळा सल्ला देतात: दार जवळ असेल तर मोकळ्या जागी पळा, आणि त्याआधीच, शांततेच्या काळात, भिंतीत आडवे-उभे जोड घाला, माळवदावरची माती हलकी करा. आमच्या भागात धाब्याची घरं अजून आहेत. म्हणून या पुस्तिकेत एक अभ्यास असा आहे: बाहेरून आलेला कोणताही सुरक्षेचा नियम घ्या आणि तो तुमच्या आजोळच्या घरात खरा ठरतो का, ते त्या घरात उभं राहून तपासा. मुलांनी सर्वांत जास्त दुरुस्त्या इथे केल्या. शिक्षकांनी सर्वांत जास्त हरकती इथेच घेतल्या, कारण परीक्षेत टेबलच लिहायचं असतं.

आठवणींचं माध्यम कागदाचं किंवा पडद्याचंच असावं असं नाही, हे सांगायला एकच उदाहरण पुरे. सुमात्राजवळच्या सिमेलुए बेटावर १९०७ साली मोठी त्सुनामी आली. तिथल्या भाषेत तिला ‘स्मोंग’ हा एक शब्द पडला आणि तो आजीच्या गोष्टींत, गाण्यांत, अंगाईत राहिला: जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की डोंगर गाठा. २६ डिसेंबर २००४ ला बेटावर सुमारे ७८,००० माणसं होती. दगावली सात. समोर आचेच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक माणसं गेली, तिथे असा शब्द लोकांच्या तोंडी राहिला नव्हता. चालींतही असं काही राहून जातं. आपल्याकडे पावसासाठी धोंडी काढतात. थायलंडच्या ईशान भागात पिंजऱ्यात मांजर घालून दारोदार मिरवतात आणि तिच्यावर पाणी उडवतात. या दोन्ही चालींनी पाऊस येत नाही हे मुलांना माहीत असतं, त्यांना ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. पण पाऊस लांबला की सगळ्या गावानं एकत्र घराबाहेर पडायचं, प्रत्येक दारावर पाणी मागायचं, कुणाकडे किती शिल्लक आहे ते नकळत कळायचं, ही त्यातली गोष्ट एका मुलीनं धरली आणि खेळात ‘धोंडी’चं कार्ड केलं: सगळ्यांनी आपापल्या हंड्यातले गुण उघडे करायचे. उरलेला डाव एकदम बदलतो.

फाशाचंही असंच झालं. सहा तोंडांचा फासा पावसाला शोभत नाही, असं मुलांचं म्हणणं पडलं. सहातल्या प्रत्येक आकड्याला सारखीच संधी, पाऊस असा न्यायी कुठे असतो? कुणाच्या तरी घरच्या पंचांगातून नक्षत्रांची वाहनं निघाली. प्रत्येक पावसाळी नक्षत्राला एक वाहन: हत्ती, बेडूक, म्हैस आली तर भरपूर पाऊस समजतात; कोल्हा, मेंढा आला तर ओढ. नऊ प्राण्यांची नऊ चित्रं झाली, मृगापासून हस्तापर्यंत एकेक पान उघडायचं. गाढवावरून थोडा वाद झाला. मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, तिथल्या मुलांना गाढव कमी पावसाचं मानलेलं आवडलं नाही. अखेर गाढवाला मध्यम पाऊस मिळाला. मग शेजारी दुसरा गठ्ठा आला, हवामान खात्याच्या अंदाजाचा, आणि खेळणाऱ्यानं पेरणी कुठल्या गठ्ठ्यावर विसंबून करायची ते आधीच जाहीर करायचं. पंचांग खोटं, विज्ञान खरं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. वीसेक डाव खेळून मुलांनी आपापली वही भरली आहे. ती वही बोलते.

साधनांबद्दल थोडक्यात, कारण या बाबतीत उपदेश फार होतो. एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये मुलांसाठी खुलं केलेलं स्क्रॅच वापरलं आहे. ते एकदा संगणकावर घातलं की नेट नसतानाही चालतं आणि विटा रचाव्यात तसे आदेश रचता येतात. वीज नसेल तेव्हा पुठ्ठा. पुठ्ठा हा कमी दर्जाचा मानू नये, यामागे इतिहास आहे. १९९६ पासून ‘थिंकक्वेस्ट’ या स्पर्धेत निरनिराळ्या देशांतली शाळकरी मुलं गट करून शिकवण्याची संकेतस्थळं बनवत. भूकंप, ज्वालामुखी, वादळं हे त्यातले आवडते विषय. २०१३ मध्ये तो सगळा संग्रह बंद झाला. फ्लॅशमध्ये बनवलेले मुलांचे असंख्य खेळ २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडल्यावर उघडेनासे झाले. मोक्षपटांच्या कापडी आणि कागदी प्रती मात्र संग्रहालयांत अजून पाहता येतात. म्हणून संगणकावरच्या प्रत्येक खेळाची एक पुठ्ठ्याची जोड प्रत असावी असा आग्रह आम्ही धरला आहे. मुलांना तो जुनाट वाटतो. वाटू दे.

ही पुस्तिका जवळजवळ तयार झाली होती तेव्हा २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यासोबत नगर जिल्ह्याच्या बऱ्याच भागालाही अतिवृष्टीनं झोडपलं. ओढे रस्त्यांवर आले, उभी पिकं पाण्यात गेली, काही ठिकाणी शेतातली मातीच खरवडून गेली. ज्या पटावर आम्ही पाण्याला सगळीकडे शिडी दिली होती त्या पटाचं काय करायचं? मुलांनी एकमतानं सांगितलं, छापायचं थांबवा. पाझर तलावाच्या घरापाशी त्यांनी सांडव्याचं घर घातलं. ओढ्यात केलेल्या अतिक्रमणाचं एक घर घातलं, ते कुणाचं म्हणून दाखवायचं यावर बरीच कुजबुज झाली आणि शेवटी त्यावर नाव घालायचं नाही असं ठरलं. टँकरचं चौसष्टावं घर राहिलं आहे. तिथे आता शिडी नाही, साप नाही, एक प्रश्न आहे: ‘तुझी वस्ती रस्त्यापासून किती लांब?’ २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्या गाडीचं चित्र काढून एका मुलानं शेजारी पुन्हा तोच प्रश्न लिहिला आहे, ‘स्टेशनापासून किती लांब?’

शिक्षकांना एक सूचना द्यायची राहिली. या खेळाला पूर्ण पावसाळा लागतो, मृगाला सुरू केलेला डाव हस्ताच्या पुढे जातो. तोवर दिवाळी येते आणि खेळणाऱ्यांतले काही जण आईवडिलांबरोबर फडावर निघतात. हंगामी वसतिगृहात राहायची सगळ्यांचीच सोय होत नाही. पहिल्या वर्षी मी त्यांच्या सोंगट्या पटावरून उचलून डबीत ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आपापल्या घरात होत्या. कुणी ठेवल्या ते मी विचारलं नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्यांचं गाळप थांबून माणसं घरी येईपर्यंत, त्या तिथेच ठेवायच्या आणि त्यांची पाळी फोनवर घ्यायची, असा नियम मुलांनी केला आहे, तो पान ४१ वर त्यांच्याच अक्षरात छापला आहे. इकडे पान उघडायचं, प्राणी कोणता ते सांगायचं, पेरायचं की थांबायचं ते तिकडून कळवायचं. या पाळ्या रात्री आठनंतरच घ्याव्यात. फोन वडिलांकडे असतो, आणि ते फडातून खोपीवर यायला तेवढे वाजतात.